गोव्याचे म्हणजे नक्की कोण?

डिचोलीहून नोकरीच्या व्हिसावर इंग्लंडला येताय, आणि धर्म, जात, पासपोर्ट असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंत. व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर आहेत, ते मी लिहीत नाही. एकटेपणा येतो, थंडीत जास्त, आणि कामाला लागलं की कमी होतो. पण तुमचा प्रश्न वाचल्यापासून मलाच चैन नाही.

मी स्विंडनला असते. इथल्या गोऱ्यांचं सोपं आहे. गोवा म्हटलं की समुद्राची चौकशी करतात आणि थांबतात. फॉर्मवर वंशाचा रकाना असतो, तिथे बहुतेक वेळा 'सांगायचं नाही' असाही पर्याय असतो. तो खुशाल निवडा.

खोदून विचारतात ते आपलेच. गोव्याच्या, मग ख्रिश्चन ना? नाही म्हटलं, फोंड्याची म्हटलं, की कुलदैवत कोणतं? मंगेशी की शांतादुर्गा की म्हाळसा, यावरून जात काढायची असते हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी "फोंड्यात सगळ्याच देवळांत जातो" म्हणते आणि विषय बदलते. कोणी गोवेकर म्हणतो, घरात मराठी म्हणजे तुम्ही विलीनीकरणवाले, गोवा महाराष्ट्रात घाला म्हणणारे. त्यावरचा जनमत कौल 1967 चा, माझा जन्मही त्यानंतरचा.

मुलीच्या शाळेचं मात्र अजून सलतं. फॉर्मवर पहिली भाषा मराठी आणि राष्ट्रीयत्व पोर्तुगीज लिहिलं होतं, दोन्ही खरं. फोंड्यात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीला त्यांनी इंग्रजी कच्चं असलेल्यांच्या गटात बसवलं. वर एका बाईंनी भर वर्गात तिला पोर्तुगीज बोलून दाखवायला सांगितलं. ती नुसती उभी राहिली. घरी येऊन म्हणाली, "आई, आपण फॉर्मवर खोटं लिहिलं का?" मी शाळेत गेले, तर फॉर्मची प्रत पुढे केली. मुलं बरोबर असतील तर 'तू कुठली?' याचं एक वाक्य त्यांच्याकडून आधीच घोकून घ्या.

पासपोर्टचं सांगते. माझ्या वडिलांचा जन्म 1961 आधीचा, गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हाचा, म्हणून लिस्बनला नोंद झाली आणि पोर्तुगीज नागरिकत्व मिळालं. जन्मनोंदीत आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. दोन्ही माणसं एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रांवर प्रतिज्ञापत्रं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे पुढे भारतीय पासपोर्ट परत केला. रांगेत माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ आपला जुना पासपोर्ट पुसून मग खिडकीत देत होते. "म्हणजे आता तुम्ही भारतीय नाही?" असं कोणी विचारलं की मी ओसीआय कार्डाचं सांगते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो त्या कार्डाचं. कार्ड हे उत्तर नव्हे, विचारणाऱ्यालाही ते कळतं. फोंड्याला घर आहे, घरपट्टी भरते, मत देता येत नाही.

तुम्ही गोव्याच्या म्हटल्यावर इथे पोर्तुगीज पासपोर्ट गृहीत धरतील आणि कधी काढला विचारतील. "माझा भारतीयच आहे" एवढंच सांगा, कारण देत बसू नका. मला आता ते म्हणता येत नाही. आणि शाळेचा फॉर्म भरण्याआधी मला लिहा, भाषेच्या रकान्यात काय लिहायचं ते मी सांगेन.