खुबा, श्रोणी आणि आढळ

खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेच्या शिक्षिकांनी विज्ञान प्रदर्शनातील तक्त्याचे शीर्षक पाठवले आहे : ‘शहामृगसदृश डायनासोरांच्या कुल्ल्याच्या अस्थी व वितरण’. हे मराठी बरोबर आहे का आणि ‘कुल्ला’ हा शब्द तक्त्यावर चालेल का, असे त्या विचारतात.

‘कुल्ला’ हा शब्द अशिष्ट नाही, पण तो शरीराच्या मांसल भागाचा शब्द आहे आणि जीवाश्मात मांस उरत नाही. आपल्या बेळगाव भागात म्हातारे माणूस घसरून पडले की ‘खुबा मोडला’ असे घरोघरी म्हणतात. मांडीच्या हाडाचा गोल माथा जिथे बसतो तो हा सांधा. हा अस्सल शब्द तक्त्यावर अवश्य यावा, कारण खुब्याची खोबण तळाशी बंद नसून आरपार उघडी असणे ही डायनासोरांची ठळक खूण आहे. मात्र खुबा म्हणजे सगळी हाडे नव्हेत. खुब्याभोवतीच्या हाडांच्या पूर्ण जुळणीला ‘श्रोणी’ म्हणावे. तिच्या प्रत्येक बाजूला वरचे पसरट श्रोणिफलक, मागे गेलेली आसनास्थी आणि जघनास्थी अशी तीन हाडे असतात. ‘जघन’ या शब्दापाशी काव्याचा वाचक अडखळेल, कारण काव्यात तो कमरेखालच्या साऱ्या भागाला लागतो, तर शरीरशास्त्राने त्याला एकाच हाडाशी बांधले आहे.

या एका हाडाला डायनासोरांच्या वर्गीकरणात फार मान आहे. जीवाश्मशास्त्रज्ञ हॅरी सीली यांनी १८८७ मध्ये डायनासोरांचे दोन गट केले : ज्यांची जघनास्थी पुढे व खाली झुकलेली ते सरटश्रोणी, आणि ज्यांच्या जघनास्थीची दिशा मागे, आसनास्थीला समांतर, ते पक्षिश्रोणी. शहामृगसदृश डायनासोर पहिल्या गटातले, म्हणजे नावात पक्षी असूनही श्रोणीने ‘सरड्याचे’ आहेत. त्यांची जघनास्थी पुढे झुकते आणि तिच्या टोकाला बुटाच्या आकाराचा फुगवटा असतो. खऱ्या शहामृगाची जघनास्थी मागे वळते आणि दोन्ही बाजूंची टोके एकमेकांना जुळतात, जे इतर पक्ष्यांत होत नाही. साम्य आहे ते लांब मानेत, लांब पायांत आणि बहुतेकांच्या दात नसलेल्या चोचीत. म्हणून ‘शहामृगसदृश’ हे विशेषण डायनासोरांना लावावे, त्यांच्या श्रोणीला लावू नये. मुलांच्या शीर्षकात ते योग्य जागी आहे, याचा मला आनंद वाटतो.

‘शहामृग’ शब्दातल्या ‘मृगा’चा हरणाशी काही संबंध नाही, हेही मुलांना सांगावे. फारसीतील शुतुर्मुर्ग म्हणजे उंट-पक्षी. मराठीच्या तोंडी त्या मुर्गचे मृग झाले. शेजारच्या कन्नड शाळेतली मुले याच पक्ष्याला उष्ट्रपक्षी म्हणतात. अर्थ तोच, आणि शुतुर व उष्ट्र हे शब्दही एकाच मुळाचे. आपल्या सीमाभागात दोन्ही भाषांची मुले एकाच तक्त्यापुढे उभी राहतील, तेव्हा दोन्ही नावे शेजारी लिहावीत.

राहिला ‘वितरण’. पाठ्यपुस्तकांत तो रूढ आहे, पण वितरण करायला कोणी वाटणारा लागतो. धान्याचे वितरण होते. ‘प्रसार’ म्हटले की प्राणी कुठून कुठे गेले याचा दावा होतो. जीवाश्म कुठे सापडले एवढेच सांगायचे असेल, तर ‘आढळ’ हा साधा, नेमका शब्द आहे. ऑर्निथोमायमस या शहामृगसदृश डायनासोराचे नामकरण जीवाश्मशास्त्रज्ञ ऑथनिएल मार्श यांनी १८९० मध्ये उत्तर अमेरिकेतील अवशेषांवरून केले. गॅलिमायमस आणि आपल्या गरुडाचे नाव घेतलेला गरुडिमायमस मंगोलियातले, तर दोनशेहून अधिक दात असलेला पेलेकॅनिमायमस स्पेनमधला. हे सारे क्रिटेशस काळातले, म्हणजे सुमारे साडेचौदा कोटी ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या टप्प्यातले.

तेव्हा शीर्षक ‘शहामृगसदृश डायनासोर : श्रोणीची हाडे आणि आढळ’ असे करावे. आढळ नावावरून मात्र ठरवू नये. जबलपूरच्या खडकांतील काही मणक्यांना १९३३ मध्ये फॉन ह्युने आणि मॅटली या संशोधकांनी ऑर्निथोमिमॉइडिस, म्हणजे ‘ऑर्निथोमायमससारखा’, असे नाव दिले होते, पण आज ते मणके अगदी वेगळ्या मांसाहारी गटातील मानले जातात. मुलांनी नकाशावर जबलपूरला ठिपका दिला असेल, तर तो पुसायला सांगावे.