ज्या रात्री भांडण, त्या रात्री प्रार्थना नाही

"ताई, मी इतक्यांदा ठरवतो आणि पुन्हा तेच होतं. माझा विश्वासच खोटा असेल का?"

सोलापुरात ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चमधल्या) कुटुंबांशी बोलताना हा प्रश्न मला सतत भेटतो. कुणी दारूबद्दल विचारतं, कुणी मोबाइलवर चोरून काय पाहतो त्याबद्दल, कुणी जिभेबद्दल. इथे एकाचीच हकिगत सांगते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. त्यांना मी भाऊ म्हणते, इथेही तेच म्हणेन.

भाऊ टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. जानेवारीत, गड्डा यात्रेची गर्दी ओसरत असताना पहिल्यांदा आले, हातात एक जुनी वही घेऊन. दर 31 डिसेंबरला जागरणाच्या उपासनेहून परतले की ते तीत लिहायचे, 'या वर्षी राग सोडला.' खाली तारखा आणि बरोबरच्या खुणा. कधी नऊ दिवस, कधी सतरा. एका वर्षी उपवासकाळाचे चाळीसही दिवस पार पडले, आणि पुनरुत्थानाच्या रविवारीच (ईस्टरला) जेवण वाढायला उशीर झाला म्हणून त्यांनी ताट भिरकावलं. हे सांगताना त्यांना बोलवेना. मग म्हणाले, "बिघडलेला माग मी अर्ध्या तासात चालू करून देतो. स्वतःलाच का नाही दुरुस्त करता येत?"

विश्वासावर बोलण्याआधी मी वहिनींना वेगळं भेटले आणि सरळ विचारलं, हात उचलतात का? नाही म्हणाल्या. पण गाडीचा आवाज आला की धाकटी गच्चीवर जाते, हेही सांगितलं. मारहाण असती तर आधी त्यांच्या सुरक्षिततेचं पाहिलं असतं. मार खाणाऱ्या बाईला "प्रभूवर विश्वास ठेवा, सहन करा" असं सांगणं मला पाप वाटतं. भाऊंनाही मी डॉक्टरांकडे पाठवलं, कारण रात्रपाळीनंतर त्यांना चार तासही झोप मिळत नव्हती. (दारूचा प्रश्न असेल तर हे आणखी गरजेचं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. तिथे प्रार्थना हवीच, आणि डॉक्टरही हवेत.)

दुसऱ्या भेटीत विचारलं, "प्रार्थना कधी करता?"

"रोज रात्री."

"रोज?"

बराच वेळ ते वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत राहिले. "भांडण झालं त्या रात्री नाही करत. कुठल्या तोंडाने करू? त्या महिन्यात प्रभुभोजनालाही, उपासनेतली भाकर नि द्राक्षरस घ्यायला, पुढे जात नाही."

इतक्या वर्षांची गाठ मला तिथे दिसली. खुणा असतील त्या दिवशी भाऊ देवापुढे जात होते, आणि खरी गरज असायची त्या रात्री घरातच तोंड लपवून बसत होते. त्यांची सगळी भिस्त वहीवर होती. प्रार्थनेतही मागणं एकच, 'मला ताकद दे, म्हणजे मी करून दाखवीन.' ख्रिस्ताने करावं असं त्यात काही उरतच नव्हतं.

आम्ही बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय वाचला. जे करू नये तेच माझ्या हातून होतं, असं तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कबूल करतो आणि शेवटी विचारतो, मला कोण सोडवील? भाऊंनी 'कोण' या शब्दावर बोट ठेवलं. "मी आजवर 'कसा सुटू' एवढंच विचारत आलो." मग गलतीकरांस पत्रातली आत्म्याच्या फळाची यादी काढली. प्रीतीपासून सुरू होऊन ती इंद्रियदमनावर संपते. म्हणजे स्वतःवरचा ताबासुद्धा पौलाने फळांतच मोजला आहे, आणि भाऊ तो आधी कमवून मग देवाकडे जाऊ पाहत होते.

भाऊंच्या मेहुण्यांची नान्नजकडे द्राक्षबाग आहे, म्हणून योहानाचा पंधरावा अध्याय, जिथे ख्रिस्त स्वतःला वेल आणि आपल्याला फांद्या म्हणतो, मला फार समजवावा लागला नाही. उलट त्यांनीच मला शिकवलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. त्यानंतर काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतात, पण बाहेरून पानांखेरीज काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ते घड बाहेर पडतात. "तोवर काडीनं फक्त वेलाला धरून राहायचं," ते म्हणाले. मी त्यावर काही बोलले नाही.

त्यानंतर मी त्यांना नवीन निश्चय करू दिला नाही. एवढंच ठरलं की ज्या रात्री राग येईल, त्याच रात्री झोपण्याआधी बसायचं आणि घडलं ते नाव घेऊन सांगायचं. 'उद्यापासून' हा शब्द काढायचा नाही. क्षमा झाली आहे, हे ख्रिस्ताच्या शब्दावर धरायचं. मग उठून ज्याच्यावर ओरडलो त्याची माफी मागायची, आणि तीत 'पण तूही' नको.

हे आळशीपणासारखं वाटतं, असं भाऊ म्हणाले. करून पाहिल्यावर म्हणाले, वही लिहिणं याहून कितीतरी सोपं होतं.

"मी तर जन्मापासून ख्रिस्ती, मग हे इतक्या उशिरा कसं?" असंही त्यांनी विचारलं. मी पंडिता रमाबाईंची आठवण दिली. त्यांचा बाप्तिस्मा 1883 सालचा. पण त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला कळलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. एवढ्या विदुषीला हे लिहायला संकोच वाटला नाही. भाऊंचे डोळे भरून आले.

पावसाळा संपता संपता वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "ओरडतात अजून. परवाच कडक भाकरीचा डबा विसरले म्हणून ओरडले. पण रात्री अकराला स्वयंपाकघरात आले, माझी माफी मागितली, मग धाकटीला उठवू नको म्हणाले आणि तिच्या उशाशी बसून प्रार्थना केली. ती जागीच होती. सकाळी मला म्हणाली, पप्पा रडत होते." त्या रविवारी भाऊ प्रभुभोजनाला पुढे गेले. भांडण गुरुवारचंच होतं.