संदर्भसाहित्याचा आढावा: सुरुवात नेमकी कुठून करायची?

प्रश्न (पंचवटी): ‘नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष उत्पादकांच्या शेतकरी उत्पादक कंपन्या’ हा माझा विषय आहे. गुगल स्कॉलरवर हजारो लेख निघतात. कुठला आधी वाचू?

आधी विषय फोडा. कोण? द्राक्ष उत्पादक. काय? उत्पादक कंपनी. कुठे? नाशिक. पण कशावर होणारा परिणाम? दर, निर्यात की कर्ज? ते तुमच्या शीर्षकात नाही, म्हणूनच हजारो लेख अंगावर येतात. एक निवडा, मग प्रत्येक भागापुढे इंग्रजीतले पर्यायी शब्द लिहा: प्रोड्युसर कंपनी, प्रोड्युसर ऑर्गनायझेशन, कोऑपरेटिव्ह. नाशिकचं स्पेलिंग ‘एच’सह आणि ‘एच’शिवाय, दोन्ही घ्या. १८८३ च्या गॅझेटियरपासून कितीतरी जुनं लेखन ‘एच’शिवायच्या स्पेलिंगखाली आहे, ते एरवी हाती लागणार नाही. शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाका आणि पर्यायांच्या मध्ये ‘ऑर’ कॅपिटल अक्षरांत लिहा.

कालमर्यादाही विषयच ठरवतो. उत्पादक कंपनीची तरतूद कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली. त्याआधीचं शोधायचं तर सहकाराकडे जा. द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी निर्यातीसाठी काढलेली महाग्रेप्स १९९१ ची आहे.

वाचन सुरू करा ते अलीकडच्या दोन-तीन आढावा लेखांपासून (रिव्ह्यू आर्टिकल्स). त्यांच्या संदर्भयादीतून मागे जाता येतं. पुढे यायचं असेल, म्हणजे त्या लेखाचा संदर्भ देणारे नंतरचे लेख हवे असतील, तर स्कॉलरवर महत्त्वाच्या लेखाखालच्या ‘साइटेड बाय’वर जा, तिथली ‘सर्च विदिन’ची चौकट टिक करा आणि ‘ग्रेप’ टाका. शेकड्यांतून कामाचे मोजके उरतात.

प्रश्न (मालेगाव): साठेक लेख वाचले. लिहायला बसलो की ‘अमुक यांच्या मते, तमुक यांच्या मते’ एवढंच होतं. गाइड परत पाठवतात.

गाइडचं बरोबर आहे, ती नुसती जंत्री झाली. वाचतानाच एक्सेलमध्ये तक्ता भरायला हवा: लेखक-वर्ष, संशोधनप्रश्न, नमुना किती आणि कुठला, पद्धत, निष्कर्ष, मर्यादा, पान क्रमांक, माझ्या प्रश्नाशी संबंध. लेख आडव्या ओळीत भरा, पण वाचा उभ्या रकान्यात. निष्कर्षाच्या रकान्यात काहींना ‘दर वाढला’ आणि काहींना ‘वाढला नाही’ असं दिसलं, की लगेच शेजारचे रकाने बघा. पीक वेगळं होतं? नमुन्यात फक्त मोठे बागायतदार होते? तो फरक हाच तुमचा परिच्छेद. त्याचं पहिलं वाक्य मुद्द्याचं असू द्या, लेखकांची नावं कंसात जातील.

साठही लेख अथपासून इतिपर्यंत वाचायची गरज नाही. आधी सारांश, मग तक्ते आणि निष्कर्ष. सगळा लेख वाचायचा तो निवडक पंधरा-वीसांचाच. संदर्भांच्या नोंदी ठेवण्यासाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पण नोंद आपोआप आली तरी तपासा. भारतीय नावांत आडनाव आणि पहिलं नाव हमखास उलटसुलट होतं.

आणि जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य त्याच क्षणी अवतरणचिन्हांत ठेवा. सहा महिन्यांनी ते आपलंच वाटू लागतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्क्यांत प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते.

प्रश्न (सिन्नर): ‘या विषयावर काम झालेलं नाही’ असं सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) लिहिलं तर चालेल?

शोधून झाल्याशिवाय नाही. प्रबंधांसाठी शोधगंगा आणि चालू संशोधनाच्या सिनॉप्सिससाठी शोधगंगोत्री, ही दोन्ही संकेतस्थळं बघा. मराठी शीर्षकं देवनागरीत शोधा, रोमन लिपीतही शोधा. ‘नाशिकमध्ये झालेलं नाही’ ही संशोधनातली उणीव ठरत नाही. नाशिकमध्ये उत्तर वेगळं का निघेल, याचं कारण द्यावं लागतं.

प्रश्न (नाशिक रोड): शोध थांबवायचा कधी?

नव्या लेखांच्या संदर्भयादीतली बहुतेक नावं तक्त्यात आधीच असतील, तेव्हा. त्यानंतर स्कॉलरवर अलर्ट लावून ठेवा आणि प्रबंध देण्याआधीच्या महिन्यात तेच शोधशब्द पुन्हा एकदा चालवा. म्हणूनच प्रत्येक शोधाची तारीख, शब्द आणि निकालांची संख्या पहिल्या दिवसापासून लिहीत जा.