तुला चढत नाही म्हणूनच

प्रिय मित्रा,

परवा कार्यक्रम संपल्यावर तू खुर्च्या रचायला थांबलास आणि जाता जाता दारूबद्दल दोन वाक्यं बोलून गेलास. "काका, आमच्या रक्तातच आहे ते." मग गेटपाशी, जरा हसून, "पण मला चढत नाही हां. चार पेग झाले तरी सरळ चालतो." आजूबाजूला पोरं होती म्हणून मी गप्प बसलो. पण पहिल्या वाक्यावर तू नको इतका विश्वास ठेवलायस आणि दुसऱ्याचा अर्थ तुला अजून लागलेला नाही, म्हणून हे पत्र.

आधी दुसरं घेतो. मलाही चढत नसे. आमच्या टोळक्यात बाकीचे आडवे झाले की एकेकाला स्कूटरवर घरी पोचवायचं काम माझ्याकडे. "गडी टाकी आहे टाकी," म्हणायचे, आणि माझी छाती फुगायची. चौतिसाव्या वर्षी सकाळी हात इतके थरथरायला लागले की आई चहाचा कप अर्धाच भरून द्यायची. बोलायची काही नाही. तो संपला की उरलेला अर्धा ओतायची.

कॅलिफोर्नियात मार्क शुकिट नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी विशीच्या आसपासच्या मुलांना मोजून दारू दिली. कोणाचा किती तोल जातो, कोणाला किती नशा वाटते हे टिपून ठेवलं आणि दहाएक वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. 1994 साली निकाल छापून आला. दारूचं व्यसन असलेल्या बापांच्या मुलांपैकी ज्यांना तेव्हा कमी चढली होती, त्यातले 56 टक्के पुढे व्यसनात सापडले. ज्यांना चांगलीच चढली होती, त्यांच्यात हे प्रमाण 14 टक्के. कारण साधं आहे. तुझ्या मित्राला दुसऱ्या ग्लासाला मळमळतं, तो थांबतो. तुझ्या शरीरातली घंटा उशिरा वाजते, तोवर तू पाचव्यावर असतोस. आणि मेंदूला सवय लागते ती पोटात गेलेल्या दारूची. तू सरळ चाललास की वाकडा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चीन, जपान, कोरियातल्या कितीतरी लोकांना जन्मतःच उलटं मिळालेलं असतं. दारू पचताना तयार होणारं विषारी द्रव्य त्यांच्या शरीरात लवकर मोडत नाही, दोन घोटांतच चेहरा लाल होतो, छाती धडधडते. त्यांच्यात दारूचं व्यसन कमी आढळतं. तुला ते कवच नाही.

आता रक्ताचं. 1973 मध्ये डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधली दत्तक गेलेली मुलं तपासली. जन्मदाते दारुडे, पण मुलं तान्हेपणीच दुसऱ्या घरी वाढलेली. तरीही त्यांच्यात दारूचं व्यसन इतर दत्तक मुलांच्या जवळजवळ चौपट निघालं, 5 टक्क्यांच्या जागी 18. म्हणजे वारसा खरा आहे, तुझी भीती खोटी नाही. पण उरलेले 82 बघ ना रे! त्यांचंही रक्त तेच होतं. दारूचं असं एकच जनुक नसतं. अनेक जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात, आणि सगळी मिळून जोखमीचा साधारण निम्मा भाग होतो. उरलेला निम्मा आयुष्यातून येतो.

त्या निम्म्याबद्दल तू एकदा सहज बोललास, ते मी विसरलेलो नाही. लहानपणी जिन्यावर चपला कशा वाजतात त्यावरून बाबा आज कसे आलेत हे तू ओळखायचास, आणि तसे आले असतील तर बहिणीला घेऊन आतल्या खोलीत जायचास. अशा पोराचं अंग कायम ताठ राहतं, झोपेतसुद्धा कान उघडे. मग हॉस्टेलवर पहिल्यांदा दोन पेग पोटात गेले आणि आयुष्यात प्रथमच आत सगळं शांत झालं, हो ना? मित्रांना मजा आली असेल, तुला सुटका मिळाली. म्हणून तुझा हात परत परत तिकडे जाणार. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, तू एकोणीसचा आहेस. या वयात लागलेली वाट खोल जाते.

म्हणून तुला "प्रमाणात घे" असं मी सांगणार नाही. इतरांना काय सांगायचं ते बघू. तू घेऊच नकोस. मित्रांपुढे ॲसिडिटीची थाप नको, "आमच्या घरात आहे, मी घेत नाही" एवढं बोल. एकदा जड जाईल. आणि ते ताठ अंग कोणापुढे तरी सैल कर. कॉलेजच्या समुपदेशकांकडे जा, नाहीतर 14416 ला फोन लाव. ते सरकारचं टेली-मानस आहे, रात्री-अपरात्रीही मराठीत बोलतात. आईला अल-ॲनॉनच्या सभेचा पत्ता मी देतो. तिथे दारू पिणाऱ्यांच्या घरची माणसं भेटतात. बाबांची दारू सोडवायची जबाबदारी तुझी नाही, ते माझ्यासारख्यांवर सोड.

शनिवारी रात्री बाबांचा तसला फोन येतो आणि नंतर तू खाली मित्रांच्या खोलीत जातोस, हे तूच सांगितलंयस. या शनिवारी फोन ठेवलास की आधी मला लाव. मी साडेअकरापर्यंत जागाच असतो, आणि त्यानंतर वाजला तरी उचलेन.

तुझा,
काका