झोळ राख

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं चित्र पोचलं. 'हर्क्युलिस' या टगचं, म्हणजे दुसऱ्या नौकांना ओढून नेणाऱ्या नौकेचं, ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन (एकच वाफ तीन टप्प्यांत वापरणारं) तू सुरेख उतरवलं आहेस, अगदी वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्यांसकट. पण मग तिच्यामागे 'गोलाया' काढलीस आणि दोघींच्या मध्ये पट्टी ठेवून सरळ रेघ मारलीस. खाली विचारलंस, "एवढं मोठं इंजिन असून ही टग इतकी हळू का? माझं गणित कुठे चुकतंय?"

त्या रेघेत चुकतंय. भर समुद्रात ओढीचा दोर सरळ झाला की तो तुटतो, नाहीतर ज्या खुंटाला बांधलाय तो खुंट उखडतो. दोराला झोळ हवा, म्हणजे मधोमध खाली लोंबणारा बाक.

या दोघी जुळ्या बहिणी 1907 साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला बांधल्या गेल्या. पनामा कालवा तेव्हा झाला नव्हता. त्यामुळे हर्क्युलिस गोलायाला ओढत मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून सॅन फ्रान्सिस्कोला गेली. दोघी तेलावर चालणाऱ्या, पण गोलायाचं इंजिन त्या प्रवासात चालवायचं नव्हतंच. हर्क्युलिसला लागणारं तेल, पाणी आणि सामान तिच्या पोटात होतं. म्हणजे मागचं ओझं प्रवासभर हलकं होत जाणार. ओझं बदललं की दोरावरचा ताण बदलतो, ताण बदलला की झोळ बदलतो. तुझी सरळ रेघ त्या प्रवासातल्या एकाही दिवसाची नाही.

आता कागद घे. झोळ म्हणजे दोराच्या दर मीटरचं पाण्यातलं वजन, गुणिले लांबीचा वर्ग, भागिले ताणाची आठपट. पन्नास मिलिमीटरच्या पोलादी दोराचं पाण्यातलं वजन मीटरला साधारण साडेआठ किलो धर. लांबी 400 मीटर आणि ताण 10 टन घेतलास तर झोळ सतरा मीटर येतो. दोन टोकांतल्या सरळ अंतरापेक्षा दोर जवळपास दोन मीटर जास्त निघतो. हे दोन मीटर म्हणजे तुझी सगळी पुंजी. लाटेने टग पुढे फेकली आणि मागची नौका मागे राहिली की आधी ही पुंजी खर्च होते, धक्का नंतर बसतो. आता लांबी निम्मी कर. त्याच ताणाला झोळ चौथाई होतो आणि ती जास्तीची लांबी आठव्या हिश्शावर येते, जेमतेम पाव मीटर. इंजिनाची ताकद दुप्पट केल्याने हा पाव मीटर वाढत नाही, उलट आणखी घटतो! मग सांग, आधी काय बघायचं?

मी दोराबद्दलच बोलतो, इंजिन शिकवत नाही, अशी तक्रार तू पूर्वीही केलीस. इंजिनाचे आराखडे पाठ करण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि दोराकडे मी फार उशिरा वळलो, याची खंत अजून आहे. म्हणून तुझ्यामागे लागतो, आणि लागत राहीन.

दोर सोडतानाच काळजी सुरू होते. इंजिन अगदी मंद ठेवून तो हळूहळू सोडायचा, ओझं चालू लागल्यावरच फेरे थोडेथोडे वाढवायचे. टग आणि ओझं एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर येतील अशी लांबी राखायची. एक माथ्यावर आणि दुसरं खळग्यात असेल तर थोडा दोर सोड किंवा ओढून घे. टगच्या मागच्या टोकाला, जिथे दोर कठड्यावर घासतो, तिथे वंगण आणि जाड आवरण हवंच. शिवाय दर पाळीला हातभर दोर पुढे सरकवायचा, म्हणजे झीज एकाच जागी होत नाही. उथळ पाण्यात मात्र दोर आखूड करावाच लागतो, नाहीतर झोळ तळाला घासतो आणि खडकात अडकतो. तिथे झोळ कमी, म्हणून वेगही कमी. हे सगळं घाई करणाऱ्याला जमत नाही.

आणि इंजिन? त्याचं काम झोळ टिकवणं. खवळलेल्या समुद्रात टगला ढकलणारा पंखा पाण्याबाहेर आला की भार जातो आणि इंजिन सुसाट सुटतं. पंखा पुन्हा बुडला की दोराला हिसका बसतो. म्हणून थ्रॉटलवर, म्हणजे वाफेच्या झडपेवर, माणूस उभा लागतो, टगचं मागचं अंग उचललं जातंय हे पायाखाली ओळखून आधीच वाफ कमी करणारा. बॉयलरचं पाणी काचेत दिसलंच पाहिजे. पातळी घसरून भट्टीचं छत उघडं पडलं तर पोलाद मऊ होऊन खाली बसतं. बॉयलरला खारं पाणी चालत नाही, क्षाराचा थर साचून नळ्या तापतात, म्हणूनच कंडेन्सरमधून तेच गोडं पाणी फिरवायचं. सिलिंडरमधलं वंगण त्या पाण्यात मिसळलं तर तेही गाळून काढायचं, तेलाचा पातळ थरसुद्धा उष्णता अडवतो. खोल समुद्रावर हर्क्युलिसवर निदान पंधरा माणसं असत, ती याच पाळ्यांसाठी.

हळू जाण्याचं उत्तर आता तुझं तुलाच मिळेल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत वारा वायव्येचा, उत्तरेला जाणाऱ्या शिडाच्या जहाजांना तो तोंडावर. म्हणून त्यांना टग ओढून नेई. 1916 मध्ये हर्क्युलिसने 'सी. ए. थेअर' हे लाकूड वाहण्यासाठी बांधलेलं स्कूनर, म्हणजे शिडाचं जहाज, सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट टाउनसेंडला नेलं, सहा दिवस लागले. म्हणजे ताशी पाच सागरी मैलांच्या आसपास. परतीला बहुधा ओंडक्यांचे प्रचंड तराफे, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या गिरण्यांसाठी. तराफा थांबवता येत नाही. टग अचानक मंदावली तर झोळ तळाकडे जातो आणि तराफा अंगावर येतो. ओझं बाजूला वळून दोर आडवा ताणला गेला तर टगच उलटते, म्हणून ओढीची जागा सुकाणूच्या बरीच पुढे, मध्याकडे असते. तू ती अगदी मागच्या कठड्यावर दाखवली आहेस. तेही दुरुस्त कर.

1924 नंतर ती वेस्टर्न पॅसिफिक रेल्वेकडे गेली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत रेल्वेचे डबे वाहणारे बार्ज, म्हणजे सपाट तळाचे तराफ्यासारखे पडाव, हलवू लागली. त्या कामात बार्ज कुशीला घट्ट बांधतात, झोळ नसतोच. तो वेगळा धडा, आज नको.

नवीन कागदावर आधी पाण्याची पातळी काढ, मग सतरा मीटरचा झोळ प्रमाणात उतरव, तळाची खोली बाजूला लिही. दोन्ही नौका त्या दोराच्या टोकांना शेवटी बसव. पाठव, वाट बघतो.