करंगळीला मुंग्या येतात, मग हँडल कोणतं?

या अंकासाठी तीन पत्रं निवडली आहेत. तिन्हींत दुखणं हाताचं आहे आणि तिघांचाही संशय सायकलच्या हँडलवर आहे. तो कुठे बरोबर आहे आणि कुठे नाही, ते पाहू.

प्रश्न : वय ४२, उंची ५ फूट ५ इंच, वजन ६८ किलो. माझ्याकडे २९ इंची चाकांची एमटीबी (डोंगरवाटांची, जाड टायरची सायकल) आहे. दर रविवारी नागपुरात मनीषनगरहून वर्धा रोड, सेमिनरी हिल्स करत गोरेवाड्यापर्यंत जातो. निघाल्यावर पाऊण तासात दोन्ही हातांच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. घरी परतेपर्यंत बोटं बधिर होतात. हँडल ७२० मिमीचं आणि जवळजवळ सरळ आहे. दुकानदार ७८० मिमीचं रुंद हँडल टाका म्हणतात. टाकू का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : नका टाकू. तुमच्या उंचीला त्यानं त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त आहे.

करंगळी आणि तिच्याकडची अर्धी अनामिका अल्नर नसेच्या वाट्याला येतात. ही नस करंगळीच्या बाजूनं मनगटातून तळहातात शिरते. तळहाताच्या त्या बुडाशी तिच्यावर मांसाचं पांघरूण फार थोडं असतं. अंगाचा भार नेमका तिथे पडला आणि रस्त्याचे हादरेही तिथेच बसले, की आधी मुंग्या येतात आणि मग बोटं बधिर होतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असतं तर ती मीडियन नस. मनगट वर किंवा खाली मोडून धरलं की ती दबते. म्हणून बोट कोणतं, हे आधी सांगावं लागतं. तुम्ही ते सांगितलंत, त्यामुळे उत्तर सोपं झालं.

आता भार करंगळीकडेच का जातो, ते घरी करून बघा. खुर्चीवर बसा, कोपरं थोडी वाकवून दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करा. डोळे मिटा आणि दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल सैल धरा. डोळे उघडल्यावर पेन्सिली एका रेषेत दिसणार नाहीत. त्यांची बाहेरची टोकं तुमच्या अंगाकडे आलेली असतील. मुठीची नैसर्गिक ठेवण तीच. हँडलची टोकं मागे वळवलेली असतात ती याचसाठी, आणि त्या वळणाला बॅकस्वीप म्हणतात. बहुतेक एमटीबीच्या हँडलला हे वळण ५ ते ९ अंश असतं. पुष्कळांच्या मुठीला ते कमी पडतं. मग मनगट अंगठ्याच्या बाजूला वळवून धरावं लागतं आणि तळहाताचं बाहेरचं बूड हँडलवर टेकतं. हँडल जितकं रुंद, तितके हात बाहेर फाकतात आणि मनगट आणखी वळतं. शिवाय छाती खाली जाते आणि हातांवरचा भार वाढतो. ७८० मिमीला आमचा विरोध आहे तो एवढ्यासाठी.

पण नवं हँडल घेण्याआधी तीन गोष्टी करा. पैसे लागत नाहीत आणि बऱ्याच जणांचा निम्मा त्रास इथेच जातो.

पहिली सीट. मोबाइलमधली लेव्हल सीटवर ठेवून बघा. नाक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि ते घसरणं हातांनी अडवता. सीट सपाट करा. सीट रेल्सवर (तिच्याखालच्या दोन दांड्यांवर) फार पुढे ओढलेली असेल तर ५ ते १० मिमी मागे घ्या.

दुसरी हवा. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांवर प्रत्येक जोडाला एक ठोका बसतो. टायर कडक असेल तर तो थेट तळहातात येतो. रस्त्यावरच्या कॉम्प्रेसरवर सहज ५०-६० पीएसआय भरून मिळते. ट्यूब असलेल्या २.२ इंची टायरला तुमच्या वजनाला पुढे २८ आणि मागे ३२ पासून सुरुवात करा. गेज असलेला पंप घरी ठेवा, अंदाजानं दाबून कळत नाही.

तिसरी ब्रेकची लिव्हर. सायकल भिंतीला टेकवून बसा, बोटं लिव्हरवर ठेवा आणि कुणाला तरी तुमच्या हाताच्या पाठीवर फूटपट्टी धरायला सांगा. हात आणि पंजा एका रेषेत हवेत. पट्टी आणि मनगट यांत फट दिसली तर मनगट मोडलेलं आहे. क्लॅम्पचा बोल्ट सैल करून लिव्हर फिरवा. घट्ट करताना इतकीच करा, की पडल्यावर ती मोडण्याऐवजी फिरेल.

दोन रविवार असे काढा. तरी मुंग्या उरल्या तर पंखाची ग्रिप लावा. तिला मागच्या बाजूला चपटा पंख असतो, तळहाताचं बूड त्यावर पसरून टेकतं. बसवताना एक चूक हमखास होते : पंख वर उचलला जातो आणि मनगट मागे मोडतं. तुम्ही सीटवर बसलेले असताना पंख हाताच्या रेषेत यायला हवा. जाड जेलच्या ग्लव्हजनं बरं वाटेल असं सगळ्यांना वाटतं, पण जेलचा गठ्ठा नसेवरच आला तर दाब वाढतो. पातळ पॅडचे ग्लव्हज घ्या.

आणि मग हँडल. तुम्हाला १२ ते १६ अंश वळणाचं, २० ते ३० मिमी उंचीचं आणि ७०० ते ७४० मिमी रुंदीचं घ्या असं सांगू. घेण्याआधी स्टेमच्या (हँडलला सायकलशी जोडणाऱ्या आडव्या तुकड्याच्या) पकडीचं माप व्हर्निअरनं घ्या : २५.४, ३१.८ की ३५ मिमी. यात ‘जवळपास बसतं’ असं काही नसतं. वळण वाढलं की हात १५ ते २५ मिमी मागे येतात. त्यामुळे सायकल आखूड वाटून गुडघे हँडलजवळ आल्यासारखे वाटले, तर स्टेम तेवढ्यानं जास्त लांब घ्यावा लागतो. हँडल बदललं आणि स्टेम तसाच ठेवला की आठवड्यात लोक जुनं हँडल परत लावतात. दोष त्या वळणाचा नसतो.

रुंदी कमी करायची तर लगेच कापू नका. ग्रिप, लिव्हर आणि शिफ्टर (गिअर बदलायची कळ) दोन्हीकडून १० मिमी आत सरकवून दोन आठवडे चालवा. पटलं तरच कापा. अॅल्युमिनियमला प्लंबरचा पाइप कटर चालतो. कापल्यावर आतली-बाहेरची धार कानशीनं मोडा आणि टोकाला बूच लावाच. उघड्या नळीवर पडलेला माणूस गंभीर जखमी होऊ शकतो.

स्टेमच्या पुढच्या पट्टीचे चार बोल्ट तिरपे, थोडे थोडे आवळा. वरची आणि खालची फट सारखी दिसली पाहिजे. एक बाजू आधी पूर्ण आवळली की दुसरीकडचा बोल्ट तरी तुटतो, नाहीतर खड्ड्यात हँडल फिरतं. स्टेमवर आकडा छापलेला असतो, बहुधा ५ न्यूटन मीटरच्या आसपास. तेवढाच जोर. टॉर्क की (ठरावीक जोरानं आवळणारा पाना) नसेल तर दुकानात आवळून घ्या. शेवटी पुढचं चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, केबल आणि ब्रेकची नळी कुठे ताणली जात नाही ना.

एक मात्र ऐका. सायकल बंद ठेवूनही दुसऱ्या दिवशी बोटं बधिर राहिली, किल्ली फिरवताना किंवा शर्टाचं बटण लावताना जोर कमी वाटला, तर हँडलचा विचार बाजूला ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. नस फार दिवस दबून राहिली तर भरून यायला महिने लागतात.

प्रश्न : उन्हाळ्यात सायकल गच्चीवर असते. मे महिन्यापासून ग्रिप चिकट झाल्या आहेत, हात काळे होतात. घट्ट धरावं लागतं म्हणून हातही भरून येतात.
— एक वाचक, दिघोरी

उत्तर : ऊन आणि घाम यांनी मऊ रबर वितळल्यासारखं होतं. स्पिरिटनं पुसलं तर चार दिवस बरं वाटतं, नंतर पुन्हा तेच. ग्रिप बदला. बोल्टनं आवळायच्या लॉक-ऑन ग्रिप घ्या, त्या हातात फिरत नाहीत. जाडी हाताप्रमाणे निवडा : लहान पंजा असेल तर ३० मिमीच्या आसपास, मोठ्याला ३३-३४. बारीक ग्रिप मोठ्या पंजात जास्त आवळावी लागते, आणि हात भरून येतो तो त्या आवळण्यानं. जुनी ग्रिप काढताना तिच्याखाली सिरिंजनं थोडं स्पिरिट सोडा आणि पिळून ओढा. तेल किंवा डब्ल्यूडी-४० अजिबात नको. नळीवर ते राहिलं तर नवी ग्रिप चालत्या सायकलवर सटकू शकते. आणि सायकल गच्चीवर ठेवायचीच असेल तर हँडलवर जुना सुती टॉवेल टाकत जा.

प्रश्न : वय ६३. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, डाव्याला काही नाही. कार्बनचं हँडल घेतलं तर बरं वाटेल का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : एकाच अंगठ्याला दुखतं, म्हणून हँडलकडे आम्ही नंतर पाहू. उजव्या अंगठ्यानं तुम्ही मागचे गिअर ढकलता. पावसाळ्यानंतर केबलच्या नळीत गंज आणि माती बसली की लिव्हर जड होते आणि अंगठ्याला दर वेळी जोर लावावा लागतो. साधी खूण : मागचं चाक उचलून पेडल फिरवत मोठ्या दातेरी चकतीकडे गिअर टाका. अंगठ्याचं टोक पांढरं पडण्याइतका जोर लागत असेल तर केबल जड आहे. आतली तार आणि बाहेरची नळी दोन्ही बदला. नुसती तार बदलून उपयोग होत नाही, घाण नळीत असते. नळीचं टोक काटकोनात कापलेलं असावं आणि आतलं तोंड चेपलेलं नसावं, नाहीतर नवी केबलही अडखळते. शिफ्टर ५ मिमी आत-बाहेर सरकवून अंगठा न ताणता लिव्हरवर पोचतो का, तेही बघा.

कार्बन बारीक थरथर थोडी कमी करतं, पण चुकीच्या वळणाचं कार्बन हँडल चुकीचंच राहतं. कुणाचं वापरलेलं कार्बन हँडल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. आतली चीर वरून दिसत नाही आणि ते तुटतं तेव्हा एकदम तुटतं.