‘जरा’, ‘जमलं तर’ आणि टाकीतला माणूस

“मॅडम, ऑफिसात माझं कुणी मनावरच घेत नाही.” ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य महिन्यातून तीन-चारदा तरी ऐकू येतं. बोलणारा कधी बँकेतला असतो, कधी ऐरोलीच्या आयटी पार्कातला, कधी शाळेतली पर्यवेक्षिका. बहुतेक जण निदानही सोबत घेऊन येतात: इंग्रजी कच्चं, आवाज बारीक, पर्सनॅलिटी नाही. मी ऐकून घेते. इतक्या वर्षांत खरं कारण आवाजात सापडल्याचं मला फारसं आठवत नाही.

त्यातल्याच एकाची ही गोष्ट, त्याच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशी. वय एकतीस. रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर. बंद टाकीत सफाईला माणूस उतरवायचा, तर आधी आतल्या हवेची तपासणी आणि मग परमिटवर याची सही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३६ पासून अशा लेखी दाखल्याची पद्धत चालत आली आहे. म्हणजे अधिकार कागदावर होता. तरीही प्लांट हेडसमोर याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

“इंग्रजी स्पीकिंगचा क्लास लावू का?” पहिल्याच भेटीत त्याने विचारलं.

“तुमचे प्लांट हेड कुठल्या भाषेत बोलतात?”

“मराठीत. कोल्हापूरचे आहेत.”

दोन-तीन भेटी घरच्या, बालपणाच्या गोष्टींत गेल्या. ते इथे सांगत बसत नाही. चौथ्या भेटीत मात्र त्याने आल्या आल्या विचारलं, “सॉरी मॅडम, फोन चालू ठेवला तर चालेल का? प्लांटचा शटडाऊन आहे, टाक्यांची सफाई चालू आहे.” माझ्या खोलीत फोन बंद ठेवायचा नियम आहे. त्या दिवशी तो मोडला, आणि बरं झालं मोडला. पंधरा मिनिटांत फोन वाजला.

“बोल. ऑक्सिजन किती? एकोणीस टक्के? मग कुणी आत जायचं नाही. ब्लोअर चालू ठेव. वीस मिनिटांनी परत टेस्ट घे, वर, मध्ये आणि तळाला. तिन्ही रीडिंग मला सांग. आणि मॅनहोलवरचा माणूस हलता कामा नये.”

फोन ठेवला आणि खुर्चीत परत आक्रसून बसला. “सॉरी मॅडम, मोठ्याने बोललो का?”

“मला दोनदा सॉरी म्हणालात. त्याला एकदाही नाही.”

“तो माझ्या हाताखालचा पोरगा आहे हो. वरच्यांशी असं कसं बोलणार?”

आक्षेप खरा होता. खालच्यावर आवाज चढवणं सगळ्यांनाच जमतं, त्याला मी आत्मविश्वास म्हणत नाही. पण याने आवाज चढवलाच नव्हता. मी कागद घेतला आणि फोनवरची त्याची वाक्यं आठवतील तशी लिहून काढली. मग म्हटलं, “आता गेल्या आठवड्यात सरांना जे म्हणालात, ते जसंच्या तसं सांगा.”

“सर, मला काय वाटतं, म्हणजे बघा, जमलं तर जरा परत एकदा टेस्ट घेतली असती तर बरं झालं असतं.”

तेही खाली लिहिलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला. “यात टाकी कुठे आहे?”

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायची खटपट करत होतं, ते सगळं ऐकून झालं. मी बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला फार उशिरा जमायला लागलं, आता मात्र जमतं.

“टाकीच नाहीये,” तो म्हणाला. आणि मग हळूच, “यात मीच आहे फक्त. आणि सरांचा चेहरा.”

या एका वाक्यासाठी मी आधीच्या तीन भेटी परत करायला तयार आहे. पोराशी बोलताना त्याचं लक्ष टाकीतल्या माणसावर होतं, म्हणून क्रियापदं सरळ होती. साहेबांसमोर तेच लक्ष ‘मी त्यांना कसा वाटतोय’ याकडे जायचं आणि वाक्याला ‘जरा’, ‘जमलं तर’ची ठिगळं लागायची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून हेच सांगत आले. लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं, ही इच्छा. म्हटलंच पाहिजे, हा हट्ट. मराठीत हा सगळा फरक एका ‘च’मध्ये मावतो, त्यामुळे एलिस मराठीत शिकवायला सोपे जातात असं माझं जुनं मत आहे.

एलिस आपल्या लोकांना भुयारी रेल्वेत मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारायला लावत. लाज वाटली तरी काही कोसळत नाही, हे कळावं म्हणून. मी त्याला ठाणे-वाशी लोकल दिली. दोन दिवस टाळून तिसऱ्या दिवशी त्याने ठाणे सुटल्यावर पुकारलं, “पुढचं स्टेशन दिघा गाव!” एकाने मोबाइलमधून मान वर केली. एका आजोबांनी विचारलं, “घणसोली कुठल्या बाजूला येतं हो?” बस्स, एवढंच झालं.

मग सराव. मी प्लांट हेड झाले. आधी आकडा सांगायचा, मग आपण काय करणार ते, मग पुढची वेळ. आणि थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात कठीण, कारण समोरचा गप्प झाला की आपण घाबरून स्वतःच आपलं वाक्य मागे घेतो. ‘सर’ म्हणा, अदब ठेवा, आवाज बारीक आहे तर बारीकच राहू द्या. ‘जरा’ हा शब्दही वाईट नाही, चहा मागायला उत्तम आहे. (सोसायटीच्या सेक्रेटरींना गळतीबद्दल लिहिताना माझ्याही पत्रात तीन ‘जरा’ निघाले होते. खोडले.)

पुढच्या महिन्यात प्रसंग आलाच. प्लांट हेड म्हणाले, “अरे, होऊन जाईल रे, दहा मिनिटांचं तर काम आहे.”

“सर, ऑक्सिजनचं रीडिंग १८.८ आहे. १९.५ च्या वर गेल्याशिवाय मी सही करणार नाही. चारला परत टेस्ट घेतो.”

आणि तो थांबला. हाताला घाम फुटला होता, असं त्याने नंतर सांगितलं. साहेब चिडले, “आता तू नियम शिकवणार?” म्हणाले, आणि आठ दिवस त्याला चहाला बोलावलं नाही. टाकीत माणूस साडेपाचला उतरला, रीडिंग वर गेल्यावरच. तो अबोला त्याला झोंबला, हेही खरं. त्यावर आम्ही आणखी दोन भेटी घालवल्या. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधीच सांगते: ठाम बोललात तर काही दिवस चहा एकट्याने प्यावा लागेल.

शेवटच्या भेटीत म्हणाला, “मॅडम, इंग्रजीचा क्लास लावलाय.”

मी भुवया उंचावल्या.

“नेबॉशची, म्हणजे सेफ्टीची ब्रिटिश परीक्षा द्यायची आहे. उत्तरं इंग्रजीत लिहायची आहेत. एप्रिलपर्यंत क्लास चालेल.”

आणि थांबला.